पोलक्याची शिवण धड, तरी काखेत कापड फसकतंय?

परकर-पोलकं शिवून होतं, इस्त्री होते, मुलगी घालून मिरवायला लागते, आणि पंगत बसायच्या आत काखेखाली एक उभी फट दिसायला लागते. उसवून बघावं तर दोरा शाबूत, टाकेही नीट. फट शिवणीत नसतेच, ती शिवणीच्या कडेला असते. तिथले उभे धागे बाजूला सरकलेले असतात आणि मधे नुसत्या आडव्या धाग्यांची जाळी उरलेली असते.

घरात लग्न-मुंज निघाली की भाच्या-पुतण्यांची पोलकी माझ्याकडे येतात. दुसरीकडे शिवलेली आणि फसकलेली पोलकीही येतात. त्यांच्यावर बहुतेक वेळा एकच इलाज झालेला असतो: त्याच शिवणीवर दुसरी टीप, कधी तिसरीसुद्धा. "दोन टिपा घातल्या की कुठं जातंय उसवून," असं घरातली मोठी माणसं सांगतात, आणि सुती झबल्या-फ्रॉकच्या बाबतीत ते खरंही आहे. रेशमी किंवा रेशमासारख्या गुळगुळीत कापडात मात्र टीप जितकी घट्ट, तितकी तिच्याशेजारची जागा लवकर हरते. तिथे शिवण पक्की करून उपयोग नाही, तिच्यावर येणारा ओढ कमी करायचा आणि तो अस्तरावर टाकायचा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी नीट बघा, गेलंय काय

पोलकं उलटं करा आणि फसकलेला भाग खिडकीच्या उजेडासमोर धरा. इथे पाच मिनिटं घालवलीत तर पुढचे दोन तास वाचतील, कारण तीन वेगवेगळे दोष वरून सारखेच दिसतात.

फटीच्या दोन्ही कडांना सुईची भोकं सरळ रेषेत दिसतायत आणि दोरा तुटून लोंबतोय, तर बिघाड शिवणीतच आहे. हा सगळ्यात सोपा. नवा दोरा घ्या, टाका जरा बारीक करा, टीप घाला, काम झालं.

दोरा शाबूत आहे, पण टिपेला लागून जाळी दिसतेय आणि जाळीतले धागे तुटलेले नाहीत, तर कापड सरकलंय. नखाने हळूच ढकललं तर धागे थोडे परत जागेवर येतात, ही त्याची खूण. कापड उद्योगात हा इतका ओळखीचा दोष आहे की शिवणीपाशी धागे किती सरकतात हे मोजायला आयएसओ १३९३६ अशी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक चाचणी आहे. लग्न-मुंजीच्या पोलक्यांत मला सर्वांत जास्त हाच दोष दिसतो.

तिसरा प्रकार म्हणजे धागेच तुटलेत. कडा पिंजल्यासारखी झाली आहे, नखाने काही जागेवर येत नाही. नव्या कापडात असं झालं तर बहुधा बोथट किंवा जाड सुईने धागे कापले गेलेत. आजीच्या जुन्या साडीचं पोलकं असेल तर रेशीमच जीर्ण झालंय. जुनी साडी कापण्याआधी घड्यांवरून हात फिरवून बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी घडीवरच आधी जाते. तो भाग पोलक्यात घ्यायचाच नाही, फार तर परकराच्या चुण्यांत लपवायचा.

रेशीम सरकतं का

कापड म्हणजे उभे आणि आडवे धागे एकमेकांत अडकवलेले. सुती धागा खरबरीत असतो, त्याला बारीक तंतू असतात, त्यामुळे तो शेजाऱ्याला धरून राहतो. रेशमाचा धागा लांब, सलग आणि गुळगुळीत. पॉलिस्टरचा तर त्याहून गुळगुळीत. शिवणीने एका ओळीतले धागे पकडले आणि बाजूने ओढ आला, की पकडलेले धागे आडव्या धाग्यांवरून घसरत बाजूला जातात. विणकर जितकं विरळ विणेल तितकं हे सोपं.

म्हणून 'सेमी पैठणी' नावाने मिळणाऱ्या यंत्रमागाच्या साड्या या बाबतीत जास्त त्रास देतात. येवल्याची हातमागाची पैठणी उलटी केली तरी मोर-पोपट जवळपास तसेच दिसतात, कारण नक्षीचा प्रत्येक रंग जागच्या जागी अडकवून विणलेला असतो. यंत्रमागाच्या कापडात मागच्या बाजूने लांब लांब धागे मोकळे पडलेले असतात. असा बुट्टा नेमका शिवणीत आला आणि कापला गेला की ते मोकळे धागे निसटतात आणि तिथलं कापड पोकळ होतं. बेतताना बुट्टा शिवणीच्या अर्धा इंच तरी आत किंवा बाहेर जाईल असं बघा. खणाचंही तेच. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा रेशीम-सुती खण मुळात दाट विणीचा, त्याचं पोलकं वर्षानुवर्षं टिकतं. बाजारात ढिगाने मिळणारा पॉलिस्टर खण दिसायला तसाच, पण हाताला घसरडा लागतो. त्याला हातमागाच्या खणासारखं वागवू नका.

एक चाचणी करा आणि ती कधीही टाळू नका. उरलेल्या कापडाचे चार-चार इंची तुकडे घ्या. दोन तुकडे उभ्या धाग्याला समांतर जोडा, दोन आडव्या धाग्याला समांतर. सुई, दोरा, टाका तोच ठेवा जो पोलक्याला वापरणार आहात. मग शिवणीच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटात धरून सावकाश ओढा आणि दहा आकडे मोजेपर्यंत तशाच ठेवा. एका जोडीत जाळी लवकर दिसेल, दुसरीत उशिरा. जी दिशा टिकते त्या दिशेने पोलक्याचा कडेचा जोड येईल असं बेता. कापड वाचवण्यासाठी पाठ उभी आणि पुढचा भाग आडवा, असं बेतलेलं मी पुष्कळदा बघते. मग एक बाजू टिकते आणि दुसरी फसकते, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

माप घेतानाच चूक सुरू होते

माप घेताना मुलगी हात खाली सोडून शहाण्यासारखी उभी असते. मुंजीत मात्र ती अक्षता टाकणार, भावाच्या मागे धावणार, हात वर करून झुंबराकडे बोट दाखवणार. उभ्या मापावर चापून बसवलेलं पोलकं फोटोत छान दिसतं, पण अंगात राहत नाही. लहान मुलीच्या छातीच्या मापात निदान तीन इंच सैलपणा धरा. छाती २४ भरली तर तयार पोलकं २७ चं हवं. मोठ्या बाईच्या ब्लाऊजला आपण जो चोपून बेत करतो तो इथे लावायचा नाही.

आता मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे जोडतो त्या गोल कापाबद्दल. इथे बहुतेकांचा अंदाज उलटा बसतो, म्हणून जरा थांबून सांगते. पोलकं काखेत काचतंय असं दिसलं की आपण मुंढा खोल करतो. बघायला मोकळं वाटतं. पण हात वर गेला की काखेखालचं कापड बाहीबरोबर वर ओढलं जातं. मुंढा जितका खाली, तितका ओढ लांबून येतो आणि सगळा नेमका काखेच्या टोकावर पडतो, जिथे चार शिवणी एकत्र येतात. ताडून बघायचं असेल तर पोलकं घालून मुलीला दोन्ही हात वर करायला सांगा. पोलक्याची खालची कड पोटावर चढली तर मुंढा खोल आहे. कड फारशी हलली नाही तर मुंढा बरोबर आहे.

त्यामुळे मुंढा काखेच्या जवळ ठेवा, अर्धा ते पाऊण इंच खाली, आणि मोकळीक बाहीत द्या. बाहीच्या वरच्या गोलाईची उंची जरा कमी केली की दंडावरची रुंदी वाढते आणि हात वर जायला जागा मिळते. फुग्याची बाही त्यासाठी फार सोयीची, कारण खांद्यावरच्या चुण्या हाताबरोबर पसरतात.

बाहीचा खालचा काठही विसरू नका. जरीचा काठ ताणला जात नाही, तो दंडावर लाखेच्या बांगडीसारखा बसतो. काठाचा घेर दंडाच्या मापापेक्षा दीड इंच तरी जास्त हवा. तो घट्ट झाला की बाही दंडावर सरकत नाही, तिथेच अडकते, आणि हाताची प्रत्येक हालचाल काखेतलं कापड ओढते. काखेत फसकलेल्या कितीतरी पोलक्यांचं खरं दुखणं या काठात असतं.

आणखी एक, पाठीमागचा उघडा भाग पुरेसा लांब ठेवा. नुसत्या गळ्याशी गोंडे आणि खाली चार इंचांची चीर, एवढ्यातून मुलीला डोक्यावरून पोलकं चढवायचं म्हटलं की आई एक हात ओढते, मावशी दुसरा, आणि कार्यालयात पोचायच्या आधीच धागे सरकायला सुरुवात होते. पाठीला वरपासून खालपर्यंत हुकं किंवा चेन लावा. गोंडे हवेत तर वरून शोभेला लावा.

अस्तर हा खरा कणा

अस्तर सुती घ्या. टू बाय टू रुबिया किंवा चांगली केंब्रिक, रंग मिळता. ते आधी तासभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. गडद रंगाचं अस्तर असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग लागला तर ते रेशमाखाली घालू नका. घाम आला की तोच रंग वर येतो.

आधी अस्तराचंच पोलकं कच्च्या टिपेने जोडा आणि मुलीच्या अंगावर बसवून बघा. हात वर, मांडी घालून बसणं, पुढे वाकणं, सगळं करून घ्या. जिथे ओढ दिसेल तिथे अस्तरातच सैल करा. रेशमावर सुईची भोकं कायमची राहतात, एकदा उसवलेली शिवण बाहेर सरकवली तर जुन्या भोकांची रेघ उजेडात दिसतेच. म्हणून दुरुस्त्या सगळ्या अस्तरावर संपवायच्या आणि मगच रेशमाला कात्री लावायची.

अस्तर बसलं की ते उसवा आणि त्याच तुकड्यांवरून रेशीम कापा, पण प्रत्येक कडेला रुंदीत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त ठेवून. मग रेशमाचा आणि अस्तराचा एकेक तुकडा कडा जुळवून हाताने कच्च्या दोऱ्याने जोडा आणि पुढे दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवा. रेशीम अस्तरावर किंचित सैल राहतं. शरीराचा ओढ आला की आधी सुती अस्तर ताणलं जातं, रेशमावर भार येतच नाही. एवढ्या एका सुताच्या फरकाने पोलक्याचं आयुष्य बदलतं, हे मी अनुभवाने खात्रीने सांगते.

आतून एकही शिवण दिसू नये म्हणून अस्तर वेगळं शिवून पलटवण्याची पद्धत आहे. दिसते सुरेख. पण त्यात रेशमाची शिवण एकटी पडते, अस्तर आत नुसतं लटकतं. अंगासरशा पोलक्याला ती पद्धत वापरू नका. आतली सफाई हवी असेल तर कडांना इंटरलॉक मारा किंवा अस्तराच्याच उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीने त्या बांधून घ्या.

टीप घालताना

माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड, भरपूर ठेवा. कडेच्या जोडाला पूर्ण एक इंच. पाव इंच माया ठेवून इंटरलॉक मारला की काम पक्कं झालं असं वाटतं, पण इंटरलॉक फक्त कापलेल्या कडेचे धागे निसटू देत नाही. टिपेपाशी कापड सरकण्याला त्याचा काही अटकाव नाही. रुंद माया असली की पकडलेल्या धाग्यांच्या मागे आणखी धागे राहतात आणि ते त्यांना धरून ठेवतात.

सुई नवी, ११ नंबरची. सुती कापडावर चालवलेली १६ नंबरची सुई तशीच ठेवून रेशीम शिवायला घेऊ नका. जरीच्या काठावर ११ ची सुई अडखळली तर तेवढ्यापुरती १४ लावा. टाका इंचाला दहा ते बारा. मोठ्या टाक्यात धाग्यांना पकड कमी मिळते, फार बारीक टाक्यात कापडाची चाळणी होते आणि शिवण चुणते. दोरा बारीक घ्या. तो कापडापेक्षा बळकट नकोच. कधी फार ओढ आलाच तर दोरा तुटलेला बरा, तो पाच मिनिटांत परत घालता येतो. कापड गेलं तर ते आणणार कुठून?

कापड फारच घसरडं असेल आणि चाचणीत दोन्ही दिशांना जाळी दिसली असेल, तर रेशमाच्या उलट बाजूला शिवणीच्या रेषेवर पातळ पेस्टिंगची, म्हणजे एका बाजूला गोंद असलेल्या कापडाची, पाऊण इंच रुंद पट्टी इस्त्रीने चिकटवा आणि टीप त्या पट्टीवरून जाऊ द्या. इस्त्री मंद, मधे सुती फडकं, आणि आधी तुकड्यावर करून बघा, कारण प्लॅस्टिकची जर उष्णतेने आकसते. संपूर्ण पोलक्याला पेस्टिंग लावू नका, ते पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि मुलीला उकडतं.

मुंढ्याच्या गोलाईला कात्रे, म्हणजे मायेत कात्रीने छोटे छेद, देताना हात आवरा. सुतीला आपण टिपेपर्यंत कात्रे देतो. रेशमात प्रत्येक कात्रा म्हणजे धागे निसटायला मोकळी वाट. गोलाईला उरेब पट्टी लावली तर कात्र्यांची गरजच फारशी उरत नाही, आणि दिलेच तर मायेच्या निम्म्यापर्यंतच.

परकराचं थोडक्यात. तिथे हाच दोष नेफ्याखाली दिसतो, कारण जरीच्या काठाचं वजन आणि मांडी घालून उठताना पायाखाली आलेला घेर. लांबी घोट्याच्या जरा वरच ठेवा आणि नेफा रेशमाचा न करता सुती पट्ट्याचा करा. पाच वर्षांच्या आतली मुलगी असेल तर परकर मलमलच्या बिनबाह्यांच्या बॉडीला जोडून टाका, वजन खांद्यावर जातं आणि नाडी आवळावी लागत नाही. साडी उंचीला जास्त असेल तर कापू नका, आतल्या बाजूने आडव्या दुमडी घाला. पुढच्या वर्षी त्या सोडता येतात.

उद्या मुंज आहे आणि आज फसकलंय

धागे तुटलेले नसतील तर पोलकं वाचतं. शिवण फसकलेल्या भागाच्या दोन-दोन इंच वर-खाली उसवा. सुईच्या मागच्या टोकाने सरकलेले धागे हळूहळू जागेवर ढकला, सुती फडक्यावरून हलकी वाफ द्या. मग आतून पेस्टिंगची किंवा मिळत्या रंगाच्या ऑर्गंझाची पट्टी लावा आणि नवी टीप जुन्या टिपेपेक्षा एक सूत आत घाला. एवढंच करून थांबलात तर ती पुन्हा फसकेल, कारण पोलकं आता आणखी घट्ट झालंय. मोकळीक कुठून तरी द्यावीच लागते. काखेत अडीच-तीन इंचांचा चौबगला, म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा, घाला, कोपऱ्यावर उभा करून, एक टोक बाहीच्या शिवणीत आणि दुसरं कडेच्या शिवणीत. साडीचा तुकडा उरलेला नसेल तर परकराच्या नेफ्याखालच्या दुमडीतून घ्या. हात खाली असताना तो दिसत नाही.

धागे तुटले असतील तर मात्र कडेच्या पूर्ण लांबीला, काखेपासून कमरेपर्यंत, विरोधी रंगाची दीड-दोन इंची पट्टी घाला, दोन्ही बाजूंना सारखी. जरीच्या काठाची मिळाली तर ती मुद्दाम घातलेली वाटते. फाटलेल्या जागेवर रफू करून मुलीला मांडवात पाठवू नका, रेशमावरचं रफू ओढ सोसत नाही.

कार्यक्रम झाल्यावर पोलकं लगेच घडी करून कपाटात जाऊ देऊ नका. घामाने ओलं रेशीम कमकुवत झालेलं असतं, आणि घामातले क्षार त्याला पुढेही खात राहतात. उलटं करून सावलीत, वाऱ्यावर रात्रभर टांगा. अत्तर किंवा स्प्रे मारायचाच असेल तर पोलकं घालायच्या आधी, अंगावर. फुलं-गजरे माळताना पिना रेशमात टोचू नका, त्याही धागे असेच सरकवतात. दुसऱ्या दिवशी काखेचा भाग परत उजेडासमोर धरून बघा. जाळीची सुरुवात दिसली तर तेव्हाच धागे जागेवर आणून आतून पट्टी लावा, धाकट्या बहिणीच्या वेळेला पोलकं बाहेर काढाल तेव्हा ते घालण्यासारखं असेल.